केळ्याचा सॉस आणि वाढदिवसाच्या शेवया





गटांच्या बैठकांना गेलं की हजेरी आणि हप्ते झाल्यावर दोन विषय आमच्या कानावर नेहमी येतात. एक म्हणजे पोरांचा वाढदिवस. पोरांना नूडल्स पाहिजेत, पास्ता पाहिजे, वर लाल सॉस पाहिजे. आजी म्हणते, हे कसलं परक्याचं खाणं, शिरा-पुरी करा. आई बिचारी मधल्यामधे. दुसरा विषय गटाच्या मालाचा. आपल्या रानात जे पिकतं त्याचा सॉस करावा, चटणी करावी आणि बाजारात न्यावी, तर गिऱ्हाईक बाटली उलटीसुलटी करून विचारतं, "ह्यात टोमॅटो नाही? मग हा सॉस कसला?"

आज आम्ही ज्या देशाची गोष्ट सांगणार आहोत, तिथे शंभर वर्षांपूर्वी असेच प्रश्न उभे होते. त्यांनी ते कसे सोडवले, ते आपल्या उपयोगाचं आहे म्हणून सांगतो.

देशाचं नाव फिलिपिन्स. आपल्यापासून पूर्वेला, समुद्रापलीकडे. सात हजारांहून जास्त बेटांचा मिळून एक देश. हवा आपल्या कोकणासारखी, दमट. भात, नारळ, केळी, ऊस, मासे हे त्यांचं मुख्य. त्या देशात लेकराचा वाढदिवस असला, घरात कुणी परीक्षा पास झालं, नाताळची रात्र आली, की पाहुण्यांपुढे एक पदार्थ हमखास येतो. तो म्हणजे गोड स्पॅगेटी.

स्पॅगेटी म्हणजे काय, ते आधी सांगतो. कठीण दाण्याच्या गव्हाच्या रव्यापासून केलेल्या लांब, सरळ, जाडसर शेवया. आपण शेवया करून वाळवतो तशाच त्याही वाळवलेल्या असतात. उकळत्या पाण्यात शिजवायच्या, पाणी निथळायचं आणि वर रस्सा घालायचा. हा पदार्थ मूळचा इटली देशाचा. तिथला रस्सा टोमॅटोचा, आंबटसर, त्यात लसूण आणि जैतुनाचं तेल. फिलिपिन्समधला रस्सा मात्र चक्क गोड. त्यात खिमा असतो, लाल रंगाच्या सॉसेजच्या चकत्या असतात, वरून चीज किसून घातलेलं असतं, आणि गोडी येते ती साखरेने आणि केळ्याच्या सॉसने. हो, बरोबर ऐकलंत. केळ्याच्या. इटलीच्या माणसाने तो घास खाल्ला तर कपाळाला हात लावेल. पण फिलिपिन्सच्या पोराला विचारा, तो म्हणेल वाढदिवसाची खरी चव हीच.

आता इटलीचा पदार्थ तिथे पोचला कसा, आणि पोचल्यावर इतका बदलला कसा?

त्याची सुरुवात इटलीपासून होत नाही, चीनपासून होते. चिनी व्यापारी शेकडो वर्षांपासून या बेटांवर येत होते. काही तिथेच स्थायिक झाले. त्यांनी आपल्याबरोबर नूडल्स आणल्या. फिलिपिन्समध्ये नूडल्सच्या पदार्थांना पान्सित म्हणतात, आणि हा शब्दही चिनी बोलीतूनच आलेला. चिनी लोकांत अशी समजूत आहे की नूडल लांब, तर आयुष्य लांब. म्हणून वाढदिवसाला नूडल्स करायच्या आणि त्या तोडायच्या नाहीत. ही समजूत फिलिपिन्सच्या लोकांनी मनापासून उचलली. पान्सित वाढायला तिथे बांबूचं एक गोल, पसरट पाखडायचं भांडं वापरतात. त्याला बिलाओ म्हणतात. आपलं सूपच म्हणा ना, फक्त आकाराने गोल. धान्य पाखडायच्या त्या भांड्यावर केळीचं पान अंथरायचं, वर नूडल्सचा ढीग मांडायचा आणि सगळ्यांनी भोवती जमायचं.

म्हणजे लक्षात घ्या, स्पॅगेटी यायच्या आधीच त्या घरात तिच्यासाठी पाट मांडलेला होता. लांब शेवया आणि वाढदिवस हे नातं जुनं होतं. नवीन पाहुणी आली ती त्या पाटावर बसली.

फिलिपिन्सवर तीनशेहून अधिक वर्षं स्पेनचं राज्य होतं. १८९८ साली ते गेलं आणि अमेरिकेचं आलं. ते १९४६ पर्यंत राहिलं. अमेरिकी लोकांबरोबर शाळा आल्या, इंग्रजी आली आणि डबाबंद माल आला. डब्यातलं दूध, डब्यातलं मांस, पाकिटातली स्पॅगेटी, बाटलीतला टोमॅटो सॉस. शहरातल्या पैसेवाल्यांच्या घरी हे जिन्नस म्हणजे मोठेपणाची खूण झाली. गोरगरिबांना ते परवडणारं नव्हतं. टोमॅटो तिथेही पिकतो, पण दमट उष्ण हवेत तो बारमाही नीट येत नाही. बाहेरून आलेला सॉस महाग. मात्र केळी दारोदार होती.

आणि इथे या गोष्टीत एक बाई येते. तिचं नाव आपण लक्षात ठेवू या: मारिया ओरोसा.

मारिया ओरोसा बातांगास प्रांतातल्या ताल गावची. १९१६ साली ती शिकायला अमेरिकेत गेली. सुट्टीत अलास्कामध्ये मासे डबाबंद करायच्या कारखान्यात काम करून तिने शिक्षणाचा खर्च भागवला. सिएटल शहरातल्या विद्यापीठात औषधांचं आणि अन्नाचं रसायनशास्त्र शिकली. तिथे राहिली असती तर नोकरी मिळाली असती. पण १९२२ साली ती मायदेशी परतली आणि सरकारी विज्ञान खात्यात अन्न टिकवण्याच्या कामाला लागली.

तिच्यापुढचा प्रश्न साधा होता. आपल्या देशात फळं सडून जातात, आणि आपण परदेशातून डबे आणतो. हे उलटं का नाही करायचं? मग तिने प्रयोगशाळेत आंबा, केळी, लिंबासारखं कालामान्सी फळ, सोयाबीन, तांदळाचा कोंडा असं सगळं घेऊन प्रयोग केले. सोयाबीनपासून पौष्टिक पूड केली. तांदळाच्या कोंड्याची बिस्किटं केली, कारण पांढरा सडलेला तांदूळ खाऊन लोकांना बेरीबेरी नावाचा आजार होत होता आणि त्यावर लागणारं जीवनसत्त्व कोंड्यात होतं. खेड्यात वीज नव्हती, म्हणून तिने मातीच्या मडक्याची भट्टी तयार केली. फिलिपिन्समध्ये मडक्याला पालायोक म्हणतात, म्हणून तिचं नाव पालायोक भट्टी. चुलीवरच्या त्या मडक्यात बायका भाजायचे पदार्थ करू लागल्या.

केळ्याच्या सॉसचं श्रेयही तिलाच दिलं जातं. पिकलेली केळी कुस्करायची, त्यात व्हिनेगर, साखर, मीठ, मसाले घालून शिजवायचं. तिथे साबा नावाचं केळं असतं, आखूड, जाड आणि कंगोरेदार. ते बहुतेक शिजवूनच खातात. त्याचा गर घट्ट, म्हणून सॉसही दाट होतो. रंग मात्र भुरकट पिवळा येतो. लोकांच्या डोळ्यांना लाल सॉसची सवय, म्हणून त्यात लाल रंग घालायची पद्धत पडली. आजही बाटलीतला केळ्याचा सॉस पाहिला तर टोमॅटोचाच वाटेल.

पण मैत्रिणींनो, आम्हाला ओरोसाचं कौतुक वाटतं ते एवढ्यासाठी नाही. ती प्रयोगशाळेत बसून राहिली नाही. तिने शिकवणाऱ्या बायका तयार केल्या आणि त्यांना गावोगाव पाठवलं. गावातल्या बायकांचे गट बांधले. फळं कशी टिकवायची, बरणी कशी उकळून घ्यायची, कोंबड्या कशा पाळायच्या, घरच्या माणसांचं रोजचं जेवण सकस कसं करायचं, हे त्या गटांतून शिकवलं. म्हणजे आज आपण जे बचत गटात करतो, त्याच्या जवळचं काम तिथे शंभर वर्षांपूर्वी चाललं होतं.

पुढे दुसरं महायुद्ध आलं. जपानने फिलिपिन्स ताब्यात घेतला. बाहेरून येणारा माल थांबला, टोमॅटो सॉस तर दिसेनासाच झाला. ओरोसाने त्या काळात आपली सोयाबीनची पूड आणि कोंड्याची बिस्किटं कैदेत उपाशी पडलेल्या लोकांपर्यंत चोरून पोचवायची व्यवस्था केली. १९४५ च्या फेब्रुवारीत मनिला शहरात मोठी लढाई झाली. घरच्यांनी, मित्रांनी शहर सोडायला सांगितलं, ती गेली नाही. १३ फेब्रुवारीला तोफगोळ्याचे तुकडे लागून तिचा मृत्यू झाला. आज मनिलात तिच्या नावाचा रस्ता आहे.

तिच्यामागे केळ्याचा सॉस राहिला, वाढला. आता त्याच्या धंद्याचं सांगतो, आणि हा भाग गटातल्या बायांनी नीट कान देऊन ऐकावा.

माग्दालो फ्रान्सिस्को नावाच्या एका माणसाने केळ्याच्या सॉसची स्वतःची कृती तयार केली होती. १९४२ साली, युद्ध चालू असतानाच, त्याने तो सॉस विकायला काढला. आपल्याच नावाची अक्षरं जोडून त्याला माफ्रान हे नाव दिलं आणि त्या नावाची नोंदणी केली. सॉस चांगला चालला, पण धंदा मोठा करायला भांडवल नव्हतं. १९६० साली त्याने एका भांडवलदाराला बरोबर घेऊन कंपनी काढली. कागद झाला. कंपनीला माफ्रान हे नाव आणि सॉसची कृती वापरायला मिळाली. बदल्यात फ्रान्सिस्को कायमचा मुख्य रसायनतज्ज्ञ, महिना ३०० पेसो पगार. काही महिन्यांतच कंपनीने त्याला बाजूला केलं. ज्याने सॉस केला तोच बाहेर, आणि नाव कंपनीकडे.

तो कोर्टात गेला. प्रकरण फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि १९७० साली निकाल लागला. न्यायालयाने तो कागद बारकाईने वाचला आणि सांगितलं, या माणसाने कृतीची मालकी दिलेली नाही, फक्त वापर दिला आहे. कंपनीने करार मोडला, म्हणून नाव आणि कृती त्याला परत द्या आणि थकलेला पगारही द्या. दहा वर्षं गेली, पण कागदात "वापर" हा शब्द होता म्हणून तो वाचला. एका शब्दाची किंमत बघा.

आता पुन्हा ताटाकडे येऊ.

युद्धानंतर केळ्याचा सॉस घरोघरी पोचला होता. स्पॅगेटीही दुकानांत स्वस्त मिळू लागली. मग घरच्या बाईने जे केलं ते कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. टोमॅटोचा रस्सा महाग आणि पोरांना आंबट लागतो, म्हणून तिने त्यात केळ्याचा सॉस ओतला. साखर टाकली, कारण तो देश उसाचा आणि पोरांना गोड आवडतं. मांस थोडं, म्हणून सॉसेजच्या चकत्या करून वाढवलं. कुणी डब्यातलं दूध घालून रस्सा मऊ केला. वीस माणसं जेवणार, खर्च बेताचा, एका मोठ्या पातेल्यात होणारं आणि ताटात लालभडक दिसणारं. सणाला आणखी काय लागतं?

मग मोठा धंदा त्यामागे आला. मनिलाजवळ १९७५ साली एक आइसक्रीमचं दुकान सुरू झालं होतं. पुढे त्याची जॉलीबी नावाची उपाहारगृहांची साखळी झाली. त्यांनी १९७९ साली गोड स्पॅगेटी विकायला ठेवली. घराघरांतल्या आयांनी बसवलेली चव त्यांनी उचलली आणि ती देशभर एकसारखी केली. आज नाताळच्या आधी तिथल्या दुकानांत स्पॅगेटी आणि गोड रस्सा एकत्र बांधलेली पाकिटं मांडून ठेवतात, जशी आपल्याकडे दिवाळीआधी फराळाच्या सामानाची मांडामांड होते. फिलिपिन्सचे लाखो लोक परदेशात कामाला आहेत. कुणी दवाखान्यात परिचारिका, कुणी घरकामाला, कुणी जहाजावर. लेकरू गावी आणि आई आखातात, अशी कितीतरी घरं. ती आई लेकराच्या वाढदिवसाला पैसे पाठवते, त्यातून गावी स्पॅगेटी होते, आणि ती स्वतः तिथे चार मैत्रिणी जमवून तीच गोड स्पॅगेटी शिजवते.

गंमत अशी की पान्सित गेली नाही. तीही ताटात असते. पाहुणी आली म्हणून घरची सून बाहेर काढली नाही. दोघी शेजारी बसतात, दोन्ही लांब आयुष्याच्या.

आता कुणी म्हणेल, ताई, त्यांचं ठीक आहे, आपलं खाणं शुद्ध आपलंच. तर एकादशीच्या ताटाकडे बघू या. साबुदाण्याच्या खिचडीत काय काय असतं? साबुदाणा होतो कसाव्याच्या कंदापासून, तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचाच. बटाटा तिकडचाच. हिरवी मिरचीही अमेरिका खंडातलीच. पोर्तुगीज लोक गोव्याला आले, समुद्रावरचा व्यापार वाढला, तशी ही पिकं आपल्या मुलखात रुजली. फिलिपिन्सला हीच पिकं स्पेनच्या जहाजांतून मेक्सिकोहून गेली. म्हणजे आपण उपवासाला, देवाच्या नावाने जे खातो, त्यातलं जवळजवळ सगळं परदेशी. तरी खिचडी आपली नाही असं कुणाची म्हणायची छाती आहे? आपल्या आज्या-पणज्यांनी ती आपली केली. जिरं-तुपाची फोडणी दिली, दाण्याचा कूट घातला, उपवासाच्या ताटात मानाची जागा दिली. म्हणून ती आपली.

या सगळ्यातून आपल्या गटांनी काय घ्यायचं? आम्हाला तीन गोष्टी दिसतात.

पहिली. परक्या पदार्थाला नावं ठेवण्यात वेळ घालवू नका आणि त्याची हुबेहूब नक्कलही करू नका. पाकिटातला मसाला टाकून केलेल्या नूडल्स पाकिटवाल्याच्याच राहतात. त्यात आपल्या हातच्या शेवया, आपल्या परसातली भाजी, आपल्या चवीचा मसाला गेला, की त्या आपल्या होऊ लागतात. आजीलाही शेवया करायला बोलवा. तिच्या हातच्या शेवया वाढदिवसाला आल्या, तर तक्रार करायला ती मोकळी राहणार नाही.

दुसरी. आपल्याकडे जे भरपूर आहे त्याच्याकडे बघा. आपलं जळगाव केळ्यांचं आगर. भाव पडला की केळी जनावरांपुढे टाकल्याचं आपण ऐकतो. फिलिपिन्समध्ये त्याच फळाचा सॉस घरोघरी पोचला. आम्ही असं म्हणत नाही की उद्याच सगळ्यांनी केळ्याचा सॉस काढा. पण केळी, चिंच, करवंद, कैरी, जे ज्या गावात उदंड आहे, त्याचं आधी पाच किलो करून बघा. घरी खा, शेजारी द्या, लग्नाच्या पंगतीत ठेवा. गिऱ्हाईक विचारेल, टोमॅटो कुठे आहे? तेव्हा लाजू नका. सांगा, हा आमच्या गावचा सॉस आहे, चाखून बघा. बाटलीवर मात्र खरं लिहा, ज्याचा सॉस त्याचं नाव. विकायला काढण्याआधी अन्नसुरक्षेची नोंदणी करा, बरण्या उकळून घ्या, तारीख घाला.

तिसरी गोष्ट कागदाची. गटाच्या मालाला नाव द्या आणि त्या नावाची नोंदणी गटाच्याच नावाने करा. कृती एका वहीत मापासकट लिहून ठेवा. कितीतरी चवी म्हाताऱ्या बाईबरोबर सरणावर जातात, कारण कुणी लिहून घेतलं नाही. आणि मोठा व्यापारी आला, तुमचा सगळा माल घेतो म्हणाला, तर आनंदाने बोला, पण अंगठा किंवा सही करण्याआधी कागद मोठ्याने वाचून घ्या. बैठकीत सगळ्यांसमोर वाचा. त्यात "वापर" लिहिलंय की "मालकी", हे विचारा. कळलं नाही तर आम्हाला बोलवा, आपण मिळून वकिलाला विचारू. घाई करणाऱ्याला चहा पाजा आणि पुढच्या बैठकीला या म्हणून सांगा.

मारिया ओरोसाने शिकवलेल्या त्या खेड्यांतल्या बायकांची नावं आज कुणाला माहीत नाहीत. पातेल्यात पहिल्यांदा केळ्याचा सॉस ओतणारी आई कोण, तेही कुणी सांगू शकत नाही. पण त्यांच्या हाताची चव देशभर खाल्ली जाते. आपल्या बाबतीत चवही राहावी आणि नावही राहावं, एवढीच आमची इच्छा आहे.

या आठवड्याच्या बैठकीत प्रत्येकीने एक पदार्थ सांगायचा, आपल्या घरचा, दुसऱ्या घरी न होणारा. जी लिहू शकते तिने वहीत उतरवायचा, आणि जी लिहू शकत नाही तिने सांगायचा. सचिव ताईंनी ती वही गटाच्या पेटीत पासबुकाशेजारी ठेवावी. तिची किंमत पासबुकापेक्षा कमी नाही.

भेटू पुढच्या वेळी. तोवर जपून राहा, एकमेकींना धरून राहा. नमस्कार.